डाव तोच, हात वेगळा

"तुझाच माणूस घेणार ना?"

१९९९ सालचा डिसेंबर. अमेरिकेत येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. वायटूकेच्या धामधुमीत आलेल्या हजारो देशी पोरांपैकी मी एक. ऑफिसातला एक सहकारी शुक्रवारी संध्याकाळी मला सनीव्हेलच्या गोल्फलँडमध्ये घेऊन गेला. बाहेर पोराटोरांचं मिनी गोल्फ आणि आत व्हिडिओ गेम्सचं आर्केड. स्ट्रीट फायटरचं मशीन दिसलं आणि मी पुण्यातल्या जुन्या सवयीनं सरसावलो. शेजारी उभ्या असलेल्या पोरानं माझ्याकडे बघून पडद्यावरच्या धालसिमकडे बोट केलं आणि वरचा प्रश्न विचारला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धालसिम म्हणजे स्ट्रीट फायटर टू मधला भारतीय योगी. हाडकुळा देह, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग ओकणारा आणि हात-पाय रबरासारखे लांब करून मारणारा. त्याच्या पार्श्वभूमीला हत्ती उभे! १९७६ सालच्या एका कुंग फू सिनेमात असा हात लांबवणारा योगी आहे, त्यावरून हा सुचला असं मानतात. जपानी माणसाच्या डोक्यातला हिंदुस्थान म्हणा ना.

पोराच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. पण मला लागलं. ऑफिसात आधीच 'तुम्ही घरी हत्तीवरून जाता का' छापाचे प्रश्न ऐकून झाले होते. मी मुद्दाम केन घेतला. लाल कपड्यातला, सोनेरी केसांचा, अमेरिकन केन. आणि पंचवीस सेकंदांत हरलो.

हा लेख त्या हरण्याबद्दल आहे. म्हणजे खरं तर ह्या खेळात एखाद्याची 'स्वतःची शैली' कशी तयार होते, तिचा इतिहास काय, ह्याबद्दल. व्हिडिओ गेमला कसला आलाय इतिहास, असं म्हणाल. पण तीसेक वर्षांत ह्या खेळात घराणी झाली, वाद झाले, पंढऱ्या झाल्या. आणि त्यातल्या एका पंढरीच्या मी पायरीशी होतो, हे मला फार उशिरा कळलं.

तर सुरुवातीपासून.

कॅपकॉम ह्या जपानी कंपनीनं १९९१ साली स्ट्रीट फायटर टू बाजारात आणला. आठ योद्धे, एक दांडी आणि सहा बटणं. तीन ठोशांची, तीन लाथांची; हलका, मध्यम, जोरदार. काही खास डाव दांडी विशिष्ट पद्धतीनं फिरवली तरच निघत. हादोकेन, म्हणजे हातातून निघणारा ऊर्जेचा गोळा, हवा असेल तर दांडी खाली, तिरपी, पुढे अशी सरकवायची आणि ठोशाचं बटण दाबायचं. पुण्यात आमच्या कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयाच्या टोकनवर आम्ही हे शिकलो. शिकलो म्हणजे काय, दांडी गरागरा फिरवायची आणि सगळी बटणं बडवायची. दहातून एकदा हादोकेन निघायचा. तेवढ्यावर आमची कॉलर ताठ.

ह्या खेळाआधी आर्केडमधले बहुतेक खेळ माणूस विरुद्ध मशीन असे होते. मशीनचा एक ठरलेला नमुना असतो. तो पाठ केला की झालं. तिथे शैलीचा प्रश्नच येत नाही, कारण उत्तर एकच असतं. स्ट्रीट फायटर टू नं समोर माणूस उभा केला. आता उत्तर रोज बदलायला लागलं. मी गोळा फेकला तर तू उडी मारणार, तू उडी मारणार हे मला माहीत आहे म्हणून मी वर जाणारा ठोसा तयार ठेवणार, मी तो तयार ठेवणार हे तुला माहीत आहे म्हणून तू उडी मारणारच नाहीस... असं कितीही लांबवता येतं. माणूस ह्या साखळीत कुठल्या पायरीवर थांबतो, तिथे त्याचा स्वभाव दिसतो.

दुसरी गंमत अपघातानं झाली. खेळाचे निर्माते नोरिताका फुनामिझू खेळातला गाडी फोडायचा बोनस टप्पा तपासत होते. एका फटक्याच्या आत दुसरा फटका घुसवता येतोय, असं त्यांच्या लक्षात आलं. ही खरं तर चूक. पण इतक्या बारीक वेळेत हे कुणाला नेमानं जमणार नाही असं समजून त्यांनी ती तशीच ठेवली. लोकांना जमलं! त्यातूनच फटक्यांच्या मालिका, म्हणजे 'काँबो', जन्माला आले आणि पुढच्या प्रत्येक मारामारीच्या खेळाचा तो पाया ठरला. आम्ही सॉफ्टवेअरवाले गमतीनं म्हणतो ना, 'बग नाही, फीचर आहे', त्याचं ह्याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता खेळाडूंकडे वळतो.

अमेरिकेतल्या आर्केडमध्ये एक अलिखित कायदा होता. मशीनच्या काचेखालच्या कडेवर आपलं पंचवीस सेंटचं नाणं ठेवायचं. म्हणजे नंबर लागला. जिंकेल तो खेळत राहणार, हरेल तो नाणं गमावून रांगेत मागे. हरण्याला रोख किंमत होती. त्यामुळे कसं जिंकायचं ह्यावरून भांडणं व्हायची. सगळ्यात मोठं भांडण 'पकडी'वरून. समोरचा नुसता बचाव करून बसला असेल तर जवळ जाऊन त्याला उचलून आपटता येतं. बचावाला पकड चालते. हे नियमात बसणारं आहे. पण पुष्कळ ठिकाणी ते 'चीप' समजलं जाई. एकच चांगला डाव पुन्हा पुन्हा मारणंही तसंच. ह्यावरून खरीखुरी मारामारी होण्यापर्यंत वेळ यायची.

डेव्हिड सर्लिन नावाच्या एका खेळाडूनं, जो स्वतः खेळ बनवणाराही आहे, ह्या वृत्तीवर पुढे सणसणीत लेख लिहिले आणि त्याचं पुस्तकही केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जो माणूस मनानेच काही नियम बनवतो आणि मग दुसऱ्यानं ते पाळले नाहीत म्हणून रडतो, तो खेळ खेळतच नाही. तो स्वतःच्या कल्पनेतला वेगळाच खेळ खेळत असतो. खेळात जे आहे ते सगळं वापरून बघ, हरवलास तर उत्तर शोध.

वाचायला सोपं आहे हो. मला त्या पहिल्या संध्याकाळी कुणी हरवलं माहीत आहे? पन्नाशीचा एक टपाल खात्यातला माणूस. खात्याचा निळा शर्ट तसाच अंगात. त्यानं मला चार वेळा उचलून आपटलं. मी तोंड वाकडं केलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे, तू प्रत्येक वेळी उठून बचावच करून बसतोस. मी दुसरं काय करू?"

मला एकदम आमच्या आप्पांची आठवण झाली. आप्पा म्हणजे आजोबा. तरुणपणी सांगलीच्या तालमीत घुमलेले. ते सांगायचे, वस्ताद सगळ्यांना डाव तेच शिकवतो: ढाक, कलाजंग, निकाल, एकेरी पट. पण कुणाच्या अंगाला कुठला डाव बसतो ते आखाडा सांगतो, वस्ताद नाही. आणि हरून आलेल्या पोरानं 'त्यानं माती मारली' म्हणून तक्रार केली की वस्ताद त्यालाच शंभर जोर काढायला लावायचा.

असो. तर गोल्फलँड. मी सुमारे वर्षभर तिथे जात होतो आणि मला कुणी सांगितलं नाही की १९९६ साली ह्याच जागेत 'बॅटल बाय द बे' नावाची स्पर्धा झाली होती. टॉम आणि टोनी कॅनन ह्या भावांनी आणि त्यांच्या मित्रांनी भरवलेली. जमले किती, तर चाळीसेक जण. पण त्याचं कारण गमतीचं होतं. उत्तर कॅलिफोर्नियाचे खेळाडू म्हणत आम्ही भारी, दक्षिणेचे म्हणत आम्ही भारी. भांडण तोंडी मिटेना, म्हणून या आणि खेळून दाखवा!

आले. दक्षिणेच्या ॲलेक्स व्हॅलेनं अल्फा टू ह्या खेळात उत्तरेच्या जॉन चोईला हरवलं. त्याच्याकडे एक डाव होता: आयत्या वेळी विशेष शक्ती चालू करून खालून असा फटका द्यायचा की उभ्या माणसाला खाली बसून अडवायला वेळच मिळू नये. उत्तरेत हे कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाचसहाशे किलोमीटरच्या अंतरात एकाच खेळाची दोन घराणी झाली होती. ह्याच स्पर्धेचं २००२ साली 'इव्हो' असं नामकरण झालं आणि आज ती ह्या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा आहे.

घराणं हा शब्द मी उगाच वापरत नाही. तेव्हा माणूस रोज ज्या आर्केडमध्ये जाई, तिथल्या दहाबारा लोकांविरुद्धच खेळे. त्यातला एक राजा असे. त्याला हरवायला बाकीचे जे शोधून काढत, ती त्या जागेची शैली. न्यूयॉर्कच्या चायनाटाऊन फेअरमध्ये एक तऱ्हा, सनीव्हेलला दुसरी, टोकियोत तिसरीच. मशीनच्या मांडणीचासुद्धा परिणाम होई. अमेरिकेत दोघे खांद्याला खांदा लावून एकाच मशीनसमोर उभे. कोपर लागतं, श्वास ऐकू येतो, दुसऱ्याच्या हाताची हालचाल डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते. जपानात दोन मशीनं पाठीला पाठ लावून जोडलेली. समोर कोण बसलंय ते दिसतही नाही. फक्त पडद्यावरच्या हालचालींवरून माणूस ओळखायचा. पत्रातल्या अक्षरावरून माणूस ओळखावा तसं.

त्या जपानी पद्धतीतून वर आलेला माणूस म्हणजे दाइगो उमेहारा. १९८१ चा जन्म, मूळचा उत्तर जपानातल्या आओमोरीचा. १९९८ साली, सतरा वर्षांचा असताना, तो जपानचा विजेता म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि अल्फा थ्री मध्ये ह्याच ॲलेक्स व्हॅलेला हरवून गेला. त्याला लोक 'बीस्ट' म्हणतात, श्वापद. पण त्याची खरी ओळख जगाला झाली २००४ च्या इव्होमध्ये, लॉस एंजेलिसजवळ पोमोना इथे. ती कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

खेळ होता स्ट्रीट फायटर थ्री ची तिसरी आवृत्ती, थर्ड स्ट्राइक. दाइगोकडे केन. समोर न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग, त्याच्याकडे चुन-ली. जस्टिनची ख्याती कासवासारखी. घाई नाही. अंतर ठेवायचं, समोरच्याला चुकू द्यायचं, थोडी आघाडी मिळाली की ती घेऊन बसून राहायचं. कंटाळा आला तर तो तुम्हाला येईल, त्याला नाही. आक्रमक दाइगोला हे सहन होणार नाही असा हिशोब, आणि तो बरोबर ठरत होता. दाइगोचा प्राण एका रेषेएवढा उरला. ह्या खेळात खास डाव नुसता अडवला तरी थोडं रक्त जातंच. म्हणजे आता जस्टिनचा एकही खास डाव अडवून चालणार नव्हतं. जस्टिननं चुन-लीचा सर्वांत मोठा डाव सोडला: सलग पंधरा लाथा.

थर्ड स्ट्राइकमध्ये अडवण्याखेरीज एक उपाय आहे. फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडी पुढे, त्या फटक्याच्या दिशेने, ढकलायची. मग फटका परतवला जातो आणि रक्त जात नाही. त्यासाठी वेळ मिळतो सेकंदाचा फार तर सहावा हिस्सा. चुकलं तर फटका उघड्या छातीवर. आणि पहिली लाथ तर दिसण्याआधीच ओळखावी लागते. दाइगोनं पंधराच्या पंधरा परतवल्या. शेवटची तर हवेत उडी मारून, म्हणजे उतरताना उलटा मार सुरू करता यावा. आणि त्यानं सामना जिंकला. सभागृहात जो कल्लोळ झाला तो चित्रफितीत ऐकू येतो, अजूनही अंगावर काटा येतो. त्या प्रसंगाला 'मोमेंट ३७' म्हणतात. सदतीसच का? काही कारण नाही! असे आणखी पुष्कळ क्षण आहेत असं वाटावं म्हणून कुणीतरी ठोकून दिलेला आकडा.

ह्या गोष्टीचा शेवट लोक सहसा सांगत नाहीत. तो सामना अंतिम नव्हताच. अंतिम फेरीत दाइगो आपल्याच देशाच्या केंजी ओबाताकडून हरला.

आणखी एक. ही चित्रफीत बघून सगळे म्हणतात, काय ते हात, काय ती चपळाई! मीही तेच म्हणत होतो. पण पुन्हा पुन्हा बघितल्यावर कळतं की तो हातांचा विजय नाही. लाथांचा ताल पाठ असणारे त्या सभागृहात आणखीही असतील. दाइगोनं ओळखलं होतं की हा सावध माणूस आता सुरक्षित वाटणाराच मार्ग घेणार, आणि तो मार्ग हाच. कासवाचं कासवपण त्यानं वाचलं. शैली ही ताकद असते, तशी ती पत्ताही असते. कुठे सापडाल ते लोकांना कळतं.

आता माझ्याकडे येतो. २००१.

डॉट कॉमचा फुगा फुटला. आमच्या कंपनीनं एका मंगळवारी सकाळी निम्म्या लोकांना खोली क्रमांक अमुकमध्ये बोलावलं. दुपारी मी माझा कप, आणि आईनं दिलेला गणपती एका खोक्यात घालून गाडीत बसलो. एच-वन व्हिसा नोकरीला बांधलेला. दुसरी लवकर मिळाली नाही तर देश सोडायचा. घरी फोनवर सांगितलं नाही. सांगली-मिरजेत बातमी कशी पसरते तुम्हाला माहीत आहे.

सकाळभर अर्ज आणि फोन. संध्याकाळी घरात बसवेना. खिशात आठवड्याला दहा डॉलर गेमसाठी, म्हणजे चाळीस नाणी, असं स्वतःला बजावून गोल्फलँडला जायचो. हरलो की नाणं गेलं. चाळीस नाणी पुरवायची तर हरणं परवडणारं नव्हतं. आणि माझा केन तर हरतच होता. केन का हरतो? कारण तो माझा नव्हताच. जपानी खेळाडूंच्या टेप्स बघून मी त्यांच्या मालिका पाठ केल्या होत्या. रट्टा मारून इंजिनिअरिंग पास झालेला माणूस, दुसरं काय करणार! पण पाठ केलेलं जिथे संपतं तिथे मी उघडा पडायचो. माझे हातही सावकाश. केन म्हणजे आत घुसून दडपण ठेवणारा गडी आणि मी स्वभावानं दारात उभा राहून आत कोण कोण आहे ते बघणारा.

एका संध्याकाळी शेवटचं नाणं होतं. रांगेत कुणी ओळखीचं नव्हतं. मी दांडी सरकवत सरकवत धालसिमवर नेली. कुणी हसलं नाही. कुणाचं लक्षही नव्हतं.

धालसिम हा विचित्र प्राणी आहे. चालतो गोगलगायीसारखा. उडी मारली तर पतंगासारखा तरंगत राहतो, तोवर कुणीही खाली पाडावा. पण त्याचा हात अर्ध्या पडद्याएवढा लांब जातो. मात्र लांब केलेला हात हे उघडं अंगच असतं, त्यावर मारलं तरी त्याला लागतं. म्हणजे प्रत्येक ठोसा मोजून मारायचा. १९९२ च्या आवृत्तीपासून त्याला अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होण्याची विद्या मिळाली, पण तीही वेळ चुकली तर अंगाशी येते. त्याच्याबरोबर खेळायचं म्हणजे अंतर हेच शस्त्र. समोरच्याला यावंसं वाटेल पण येता येणार नाही, अशा जागी ठेवायचं.

तो सामना मी जिंकला. पुढचाही. तिसऱ्यात तो टपालवाला काका आला. त्यानं मला हरवलंच, पण ह्या वेळी घाम फुटला त्याला. जाताना म्हणाला, "आज पहिल्यांदा तुझ्याशी खेळलो."

मला ते वाक्य फार दिवस पुरलं. दोन वर्षं मी ज्याला टाळत होतो, कारण लोकांनी तो माझ्यावर लादला असं वाटत होतं, तोच माझ्या अंगाला बसणारा निघाला. भारतीय म्हणून नव्हे. सावकाश हातांचा, अंतर राखणारा, आधी बघणारा म्हणून. लोकांचं बोट बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. आणि दुसऱ्याचं कारण चुकीचं आहे एवढ्यासाठी मी स्वतःचीच गोष्ट नाकारत होतो. पुढे स्ट्रीट फायटर फोरच्या काळात अमेरिकेत धालसिम घेऊन नाव कमावलेले खेळाडू पाहिले: न्यूयॉर्कचा आर्तुरो सँचेझ, आमच्या उत्तर कॅलिफोर्नियातला 'फिलिपिनो चॅम्प' म्हणून ओळखला जाणारा रायन रामिरेझ. दोघांचाही हिंदुस्थानाशी संबंध नाही. योगी ज्याला बसला त्याचा!

नोकरी नऊ आठवड्यांनी मिळाली, एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. धालसिममुळे मिळाली असं म्हटलं तर लेखाला छान शेवट होईल, पण ते खरं नाही. एवढं मात्र खरं की त्या मुलाखतीत मी पहिल्यांदा 'हे मला येत नाही' असं सरळ म्हणालो.

तिकडे दाइगोचं काय झालं? त्यानं मध्येच खेळ सोडला. काही वर्षं माहजाँगमध्ये घालवली, तेही सोडलं आणि वृद्धांची शुश्रूषा करण्याच्या कामाला लागला. स्ट्रीट फायटर फोर आल्यावर तो परतला. २००९ च्या इव्होमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा जस्टिन वाँगलाच हरवून विजेता झाला, २०१० सालीही. २०१२ साली त्यानं पुस्तक लिहिलं. त्यातली मध्यवर्ती गोष्ट अशी की जिंकणं आणि जिंकत राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोयीचा डाव आज जिंकून देतो, पण उद्या सगळ्यांना तो माहीत होतो. उरतं ते तुम्ही स्वतः शोधलेलं.

ह्याच्या अगदी उलट वाटेनं आलेला दुसरा जपानी म्हणजे टोकिडो. टोकियो विद्यापीठाचा पदवीधर, म्हणजे त्यांच्याकडची आयआयटीच समजा, आणि तोही इंजिनिअर. त्याची सुरुवातीची शैली हिशोबी. जो डाव सगळ्यात किफायतशीर तोच पुन्हा पुन्हा, प्रेक्षकांना कंटाळा आला तरी चालेल. २०१४ सालच्या पुस्तकात ह्याच माणसानं मान्य केलं की तर्क शेवटी झपाटलेपणापुढे कमी पडतो. २०१७ साली त्यानं इव्होमध्ये स्ट्रीट फायटर फाइव्हचं विजेतेपद मिळवलं. मला हा माणूस जवळचा वाटतो. आपण इंजिनिअर लोक आधी उत्तम उत्तर शोधतो आणि मग आपलं उत्तर. काही जण पहिल्यावरच थांबतात.

आणि मग २०१९. लाहोरचा अर्सलान सिद्दिकी, खेळातलं नाव अर्सलान ॲश. खेळ टेकन सेव्हन, ज्यात तोवर कोरिया आणि जपानचा दबदबा. व्हिसाच्या भानगडीतून कसाबसा जपानच्या फुकुओकाला पोहोचला आणि फेब्रुवारीत इव्हो जपान जिंकला. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला मुख्य इव्होही. अंतिम सामन्यात 'नी' हा कोरियाचा दिग्गज हरला. अर्सलाननं सांगितलं की आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा नी स्वतः त्याच वर्षी पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळून आला!

मला त्यात नवल वाटलं नाही. तो आधी 'किंग ऑफ फायटर्स' खेळायचा. आपल्याकडच्या पार्लरमध्येही तोच खेळ धो धो चालायचा, आठवतं? बाहेरच्या जगाशी सामने नाहीत, प्रायोजक नाहीत, व्हिसा नाही. फक्त एक गल्ली आणि तिथली हट्टी पोरं. १९९६ साली सनीव्हेलमध्ये दक्षिणेची पोरं जो धक्का देऊन गेली, तोच धक्का लाहोरनं जगाला दिला.

आता अशा गल्ल्या कमी होत चालल्यात. टोनी कॅनननं २००६ साली जीजीपीओ नावाची युक्ती काढली. ती प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून खेळ चालू ठेवते आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन गुपचूप दुरुस्त करते. आता लांबच्या माणसाशीही शेजारी उभं असल्यासारखं खेळता येतं. प्रत्येक डावाला किती वेळ लागतो ह्याचे तक्ते, सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत, सगळ्यांना उघडे. वस्तादानं राखून ठेवावा असा डावच उरला नाही. मग शैलीही संपणार का? मला तशी भीती वाटत होती.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. स्ट्रीट फायटर सिक्स खेळतो. मोठमोठ्या खेळाडूंचं बघून मालिका पाठ करतो. मी त्याला एकदा आप्पांचं वाक्य सांगितलं, त्यानं कानावरचा हेडफोनही काढला नाही.

मागच्या महिन्यात म्हणाला, "बाबा, एक गेम?" मी धालसिम घेतला. मला वाटलं हा केन घेईल. त्यानं घेतला झांगीफ. रशियन पैलवान, अंगापिंडानं रेड्यासारखा, त्याच्याकडे फेकायला गोळा नाही, काही नाही. जवळ गेला तर मात्र पकडून आभाळात नेऊन आपटतो. धालसिमसमोर हा घेणं म्हणजे वेडेपणा, तक्ते तेच सांगतात. मी लांबून हात मारत राहिलो. तो खात राहिला. एक पाऊल पुढे, थांब, आणखी एक पाऊल. रक्त जवळजवळ संपलं तरी घाई नाही. आणि मग मी कंटाळून एक ठोसा जास्त मारला.

त्यानं मला उचललं. मी उठून बचाव करून बसलो. त्यानं पुन्हा उचललं. मग पुन्हा.

"अरे, हे काय, नुसतं पकडतोयस!" मी ओरडलो.

"तुम्ही उठून प्रत्येक वेळी बचावच करता, बाबा," तो म्हणाला. "मी दुसरं काय करू?"

ही गोष्ट मी त्याला कधीच सांगितलेली नव्हती. मी गप्प बसलो. आप्पा असते तर मला शंभर जोर काढायला लावले असते.